कोल्हापुरात ऐकलेला अभंग : श्रीसंत बहिणाबाई शिऊरकर यांचे चरित्र

तुकोबारायांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. त्यांतला कोणता गोड आणि कोणता कमी गोड, हे ठरविण्याची आपली छाती नाही. साखरेच्या पोत्यातला कोणता दाणा जास्त गोड, असे विचारण्यासारखेच ते. तरीपण दिंडीत चालणाऱ्या कोणाही माळकऱ्याला जरा बाजूला घेऊन विचारा. तो एखाद्याच अभंगाचे नाव घेईल, आणि ते घेताना त्याचा आवाज थोडा बदलेल. त्या अभंगात दुसऱ्यांत नाही असे काही असते असे नव्हे. तो अभंग त्याच्या कानी कोणत्या घटकेला पडला, यात सगळे आहे.

बापाला खांदा देऊन गावची भजनी मंडळी वेशीबाहेर निघाली, तेव्हा तुकोबांचा निरोपाचा अभंग चालू होता. पुढे पंचवीस वर्षांनी वाखरीच्या तळावर कोणी तोच अभंग धरला, तर त्या माणसाच्या हातातला टाळ क्षणभर थांबतो. शेजारच्या टाळकऱ्याला वाटते, याचा ठेका चुकला. ठेका चुकलेला नसतो, त्याला बाप आठवलेला असतो. लेकीची पाठवणी, पहिल्या वारीचा काकडा, दुष्काळात विकलेली बैलजोडी, आजारातून उठलेले पोर, असे ज्याचे त्याचे निराळे. आणि त्या प्रत्येकाशी एखादी चाल, एखादे चरण बांधलेले. आपल्या औसा-निलंग्याकडच्या म्हाताऱ्या बाया आजही सांगतात, की अमुक ओवी आईने जात्यावर म्हटली ती शेवटचीच. जाती अडगळीत पडली, गिरण्या येऊन जमाना झाला, पण ओवी काही अडगळीत गेली नाही. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन ज्याने लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिले असेल, त्याला ते भजन आणि तो खांदा वेगळे करून दाखवा म्हटले, तर दाखविता येणार नाही.

आणि आपल्याच तालुक्यातली ती पहाट! ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपतीचे विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हलली आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. ज्या तोंडांनी आदल्या दिवशी आरती म्हटली, त्यांतली कितीतरी तोंडे सकाळी बोलेनाशी झाली. त्या वेळच्या माणसांना विसर्जनाची आरती नुसती आरती म्हणून ऐकता येत असेल काय? हे समजायला फार मोठे ज्ञान लागत नाही.

आता यावर एखादा कडक साधक म्हणेल, की हा मोहच झाला. अभंग म्हणावा तो देवासाठी. त्यात आपला बाप, आपली लेक, आपले दुःख आणून बसविले, तर ते भजन कसले? तो संसारच झाला, फक्त टाळावर वाजविलेला. हा आक्षेप काही खोटा नाही. प्रत्येक वारकऱ्याने एकदा तरी तो स्वतःला विचारावा असाच आहे. पण त्याचे उत्तर युक्तिवादात शोधण्यापेक्षा एखाद्या संताच्या चरित्रात शोधावे, हे बरे. म्हणून आज श्रीसंत बहिणाबाईंचे चरित्र आठवू. एक अभंग कानी पडला, तो दुःखाशी बांधला गेला, आणि मग त्याच अभंगाने एका बाईला कोठून कोठे नेले, याचा असा उघड हिशेब दुसऱ्या कोणी क्वचितच लिहून ठेवला असेल.

या बहिणाबाई म्हणजे जळगावकडच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या. आपण बोलतो आहोत त्या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. शिऊर आपल्या मराठवाड्यातलेच. औशाहून वर जाऊन गोदावरी ओलांडावी लागते. वैजापूर तालुक्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हे गाव आहे, आणि तेथे बाईंची समाधी आहे.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५०, म्हणजे इसवी सन १६२८ चा. वेरूळच्या घृष्णेश्वरापासून जवळच असलेल्या देवगावचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. पोर रांगत असेल नसेल, तोच महाराष्ट्रावर तो भयंकर दुष्काळ आला. त्याच दुष्काळात तिकडे देहूला तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, वाण्याचे दुकान बसले. देहूच्या त्या दुःखातून जे अभंग पुढे निघायचे होते, ते देवगावच्या या पोरीसाठी कसे उपयोगी पडणार होते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक? पेरणारा एका शिवारात आणि धान्य दुसऱ्याच्या घरी, असा हा देवाचा व्यवहार आहे.

त्या काळच्या रीतीप्रमाणे बहिणेचे लग्न समज येण्याच्या आतच झाले. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक. त्यांना रत्नाकर असेही नाव दिलेले आढळते. ज्योतिष आणि वेदविद्या जाणणारे, बिजवर, वयाने तिशीचे. बाहुलीशी खेळायच्या वयात कपाळी कुंकू आले, आणि वयात येण्याच्या आत संकटही आले. बहिणा नऊ वर्षांची असताना भाऊबंदकीपायी आऊजींना देवगाव सोडावे लागले. कुलकर्ण्याचे घर, आणि रातोरात पाठीवर बोचके घेऊन बाहेर पडायचे! आई, बाप, भाऊ, जावई आणि ही पोर, अशी ती मंडळी गोदावरीच्या काठाने निघाली. कोरान्न मागत, देवळात मुक्काम करीत, यात्रेकरूंच्या मेळ्यातून चालत राहिली. त्याच भटकंतीत पंढरपूर घडले. शिखर शिंगणापूर झाले, रहिमतपूर झाले, आणि बहिणेला अकरावे लागले त्या सुमारास सारे कोल्हापुरात येऊन थांबले. एका वेदसंपन्न ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला.

आपण म्हणतो, वारी करायला भाग्य लागते. या पोरीची पहिली वारी भाग्याने नव्हे, कर्माच्या फेऱ्याने झाली. घर तुटले म्हणून पंढरी दिसली. त्या वयात तिने देवापुढे उभे राहून काय मागितले असेल? पण एक गोष्ट खरी, की पुढे आयुष्यभर तिच्या मनात विठोबा म्हणजे घर हरवलेल्या माणसाचे घर, असाच राहिला.

कोल्हापूर हे तेव्हाही मोठे क्षेत्र. अंबाबाईचे स्थान, विद्वान, पुराणिक, हरिदास यांची सदा वर्दळ. त्या वेळी तेथे जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने होत. मोठा अधिकारी पुरुष. समर्थ रामदासांच्या पंचायतनात त्यांचे नाव घेतात. हे घर सोडून आलेले कुटुंब रात्री कीर्तनाला जाऊन बसू लागले, आणि तेथे बहिणेच्या कानी तुकोबांचे अभंग पडू लागले.

येथे जरा थांबू. आज आपल्याला गाथा दुकानात मिळते. मोबाइलमध्ये बोट लावले की वाटेल त्या गायकाच्या गळ्यातून अभंग ऐकू येतो. बहिणाबाईंच्या काळी असे काही नव्हते. तुकोबा तेव्हा देहूला देहाने हयात होते. त्यांचे अभंग संताजी जगनाड्यांसारखे शिष्य उतरवून घेत, टाळकरी गात, आणि एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानात असे ते गावोगाव चालत. मुंबई सरकारच्या मदतीने गाथ्याची मोठी छापील प्रत निघाली ती १८६९ साली, म्हणजे तुकोबा गेल्यावर दोनशे वर्षांहून अधिक काळाने. तेव्हा कोल्हापुरातल्या त्या बाईने जो अभंग ऐकला, तो कागदावरचा नव्हता. कोणाच्या तरी श्वासावर बसून, घाट उतरून, मुक्काम करीत तो तिच्यापर्यंत आला होता. तिच्यासारखाच वाटचाल करून!

कीर्तन परक्याचे, अभंग तिऱ्हाइताचे, आणि ऐकणारी एक पोरवयाची सासुरवाशीण. अजून काही जुळले नव्हते. अभंग कानात होता, हृदयात उतरायला एक चीर लागते. ती चीर पाडली एका वासराने.

ज्या ब्राह्मणाच्या घरी ही मंडळी उतरली होती, त्याला कोणी यजमानाने काळी सवत्स गाय दान दिली होती. ती त्याने गंगाधरपंतांना दिली. गाईचे वासरू बहिणेला लळा लावून बसले. ती पाण्याला निघाली की हे मागे, दळायला बसली की हे शेजारी, आणि ती कीर्तनाला गेली की हे कीर्तनाला. लोक हसत. वासरू मात्र कथा चालू असता गप्प उभे राही, असे बाई स्वतः सांगतात. एका एकादशीला फार दाटी झाली म्हणून कोणी त्या वासराला बाहेर घालविले. ते हंबरडा फोडू लागले आणि इकडे बहिणाही रडू लागली. जयरामस्वामींच्या हे ध्यानात आले. त्यांनी वासराला आत आणविले, आणि त्या मुक्या जिवाच्या आणि त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. भर सभेत एवढ्या मोठ्या स्वामींनी हात ठेवला, ही गोष्ट गावभर झाली.

ती घरीही पोचली. कोणी तरी पंतांच्या कानात तिखटमीठ लावून सांगितले. वेदपाठी ब्राह्मण, दुसऱ्याच्या ओसरीवर दिवस काढणारा, आधीच मानी; आपल्या बायकोचे नाव कीर्तनाच्या गर्दीत लोकांच्या तोंडी आले हे त्याला सोसले नाही. त्याने तिची वेणी धरली आणि तिला मारले. भगिनींनो, हा प्रसंग वाचून लगेच पुढे जाऊ नका. बाईंनी तो लपविलेला नाही. पतीला देव मानण्याचा धर्म ज्यांनी आपल्या अभंगांतून शिकविला, त्यांनीच पतीने मारले हेही त्याच अभंगांतून सांगितले. एका ओळीने दुसरी ओळ पुसली नाही. दोन्ही खरे होते, म्हणून दोन्ही ठेवले.

त्या मारानंतर गाईने आणि वासराने चाऱ्याला तोंड लावले नाही. थोड्याच दिवसांत वासराने प्राण सोडला. बहिणेची शुद्ध गेली. कितीतरी दिवस ती तशीच पडून होती. आत काय चालले होते? बाई सांगतात त्याचे तात्पर्य इतकेच, की कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग मनात पुन्हा पुन्हा येत होते, आणि ज्याचे हे बोल, त्याला एकदा डोळ्यांनी पाहावे, असा ध्यास लागला होता. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या निघाल्या, ही वार्ताही तोवर कोल्हापुरापर्यंत आली होती. बाईंनी तिचाही उल्लेख केला आहे.

बघा, हीच ती घटका. अभंग तोच, जो शेकडो लोकांनी कीर्तनात ऐकला, वाहवा केली आणि घरी जाऊन जेवले. पण कुंभाराचे मडके ओले असते तेव्हाच बोटाचा ठसा उमटतो. भाजलेल्या मडक्यावर बोट घासून बोटच झिजेल. दुःखाने माणूस ओला होतो. त्या वेळी जे चरण कानात असेल ते कायमचे उमटते. बहिणेचे घर गेले होते, मार बसला होता, वासरू गेले होते. तिच्याजवळ स्वतःचा असा एक शब्दही नव्हता. तेव्हा तिने तुकोबांचा शब्द घेतला. आपले रडे तिने त्यांच्या चालीवर बसविले.

आणि मग कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, स्वप्नात तुकोबा आले. त्यांनी मस्तकी हात ठेवून मंत्र दिला. शके १५६९ हे त्याचे साल सांगतात, म्हणजे इसवी सन १६४७. तुकोबांनाही त्यांच्या गुरूंचा, बाबाजी चैतन्यांचा, उपदेश स्वप्नातच झाला होता. तेव्हा स्वप्नातला उपदेश ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नव्हती. नवी गोष्ट दुसरीच होती. ब्राह्मणाच्या घरातल्या बाईने शूद्र म्हणविल्या गेलेल्या वाण्याला गुरू केले होते, आणि तेही त्याला एकदासुद्धा न भेटता, केवळ त्याच्या अभंगांच्या ओळखीवर.

पंतांचा संताप आता पराकोटीला गेला. वासराचे, जयरामस्वामींचे एक वेळ चालले असते, पण हे कसे चालावे? त्यांनी ठरविले, की हिला येथेच टाकून आपण तीर्थयात्रेला निघून जावे. बाईंच्या पोटी तेव्हा गर्भ होता. म्हणजे पाहा, जो अभंग तिला जगवीत होता, तोच तिचा संसार मोडायला उठला. एकाच घरात एकच अभंग. तिच्या कानी तो वासराच्या आठवणीने ओला झालेला, नवऱ्याच्या कानी अपमानाने कढत झालेला. अभंगाचे अक्षर एक, पण ऐकणाऱ्याच्या आयुष्याप्रमाणे त्याची चव निराळी. आपल्याही घरात असे असते. सासूला जे भजन आवडते ते सुनेला नकोसे होते, आणि कारण कोणीच कोणाला विचारीत नाही. विचारले तर कळेल, की प्रश्न भजनाचा नाही; त्या भजनाच्या वेळी कोणावर काय गुदरले होते, त्याचा आहे.

पंत निघणार, तोच त्यांना ताप भरला. पुष्कळ दिवस अंथरुणावरून उठवेना. ज्या बायकोला टाकून जायचे होते, तीच उशापायथ्याशी बसून रात्रंदिवस सेवा करीत होती. त्या दुखण्यात त्यांच्या मनाने पलटी खाल्ली. आपण तुकोबांची निंदा केली, भगवद्भक्ताचा द्वेष केला, म्हणून ही वेळ आली, असे त्यांना वाटू लागले. एका वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने देवच येऊन समजावून गेला, अशी बाईंची श्रद्धा आहे. ताप उतरला आणि पंत उठले ते दुसरेच होऊन. त्यांनीच म्हटले, की चला, देहूला जाऊ.

आता याचा विचार करा. मार चुकला नव्हता, वासरू परत आले नव्हते, पैशाची सोय झाली नव्हती. बदलले होते एवढेच, की ज्या नावाने घरात आग लागत होती, त्या नावाशी पंतांचीही एक आठवण जोडली गेली, दुखण्यातून उठल्याची. उपदेशाने जे झाले नसते ते त्या एका आठवणीने केले.

आईबाप, नवरा आणि वासराची आई असलेली ती गाय, असा सारा मेळा देहूला आला. इंद्रायणीचे स्नान झाले. देवळात गेले तो तुकोबा आरती करीत उभे! स्वप्नात पाहिली तीच मूर्ती, असे बाई सांगतात. पंतांनी पुढे होऊन नमस्कार केला. कोल्हापुरात परक्या मुखातून आलेले बोल आता ज्याचे त्याच्या मुखातून कानी पडू लागले. रोज कीर्तन, रोज श्रवण.

पण देहू म्हणजे काही वैकुंठ नव्हे. तेथे मंबाजी होते. त्यांना वाटले, ही ब्राह्मणाची बाई, हिने आपल्याला गुरू करावे. बाईंनी सांगितले, की मला स्वप्नात उपदेश झाला आहे. झाले! मंबाजींनी छळ मांडला. एके दिवशी त्यांनी बाईंची गाय नेऊन कोंडली आणि तिला बेदम मारले. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. चमत्कार म्हणून हे ज्याला पटते त्याला पटो. न पटणाऱ्यानेही एवढे पाहावे, की कोल्हापुरात जिचे वासरू गेले, त्या बाईच्या गाईचे दुःख स्वतःच्या पाठीवर घेणारा कोणी तरी देहूला होता, ही तिची आठवण आहे. जे दुःख घेऊन ती निघाली होती, तेच दुःख घेणारा तिला तेथे भेटला. ओळख पटायला आणखी काय हवे?

देहूलाच बाईंना मुलगी झाली. तिचे नाव काशी. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. काही काळाने हे कुटुंब शिऊरला जाऊन स्थिर झाले. इकडे फाल्गुन वद्य द्वितीयेला, इसवी सन १६५० मध्ये, तुकोबा वैकुंठाला गेले. बाईंना त्यांचा सहवास लाभला तो थोड्या वर्षांचा. त्यानंतर बाई पन्नास वर्षे जगल्या. पन्नास वर्षे! गाणारा गेला, आणि त्याचे गाणे घेऊन संसार करायचा, मुले वाढवायची, पतीची सेवा करायची. आपल्यापैकी ज्यांचे आईबाप लवकर गेले, त्यांना हे कळेल. माणूस जातो, त्याची चाल कानात राहते. आणि मग ती चाल धरून आपल्यालाच पुढचे चरण म्हणावे लागते.

बहिणाबाईंनी ते म्हटले. ऐकता ऐकता त्या स्वतः अभंग करू लागल्या. भक्ती, वैराग्य, स्त्रीधर्म, सद्गुरुमहिमा, असे पुष्कळ विषय त्यांत आहेत. ब्राह्मण कोणाला म्हणावे, जन्माने की ज्ञानाने, याचा विचार करणारी वज्रसूची त्यांनी मराठीत आणली. ज्या प्रश्नापायी घरात मार खाल्ला, त्याचे उत्तर त्यांनी ग्रंथातून दिले, आदळआपट न करता. संप्रदायाला मंदिराची उपमा देऊन पाया कोणाचा आणि कळस कोणाचा हे सांगणारा त्यांचा अभंग तर कोणत्या फडावर होत नाही? पण तो म्हणणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना हे ठाऊक नसते, की तुकोबांना कळस म्हणणारी ही बाई त्या कळसाच्या दर्शनासाठी कोल्हापूरहून देहूला चालत आली होती.

आणि त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे त्यांचे आत्मनिवेदन. पाऊणशेच्या आसपास अभंगांत त्यांनी आपले आयुष्य सांगितले: देवगाव, लग्न, ती रात्रीची वाट, पंढरी, वासरू, मार, स्वप्न, देहू. मराठीत एका बाईने स्वतःचे चरित्र स्वतः सांगावे, ही त्या काळी केवढी गोष्ट! जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला त्याचे इतके मोल वाटले, की त्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२९ साली पुण्यात निघाले. साता समुद्रापलीकडचा, दुसऱ्या धर्माचा माणूस, पण देवगावच्या पोरीच्या वासराची गोष्ट त्यालाही आपलीशी वाटली.

शेवटी बहात्तराव्या वर्षी बाईंना आपला अंतकाळ कळला. मुलगा विठोबा त्या वेळी आपल्या पत्नीचे उत्तरकार्य करण्यासाठी गोदातीरी गेला होता. बाईंनी त्याला निरोप पाठवून बोलावून घेतले. तो आला तेव्हा त्यांनी त्याला आपले मागचे बारा जन्म सांगितले आणि हा तेरावा असे म्हटले. त्याचेही आपल्याशी नाते पूर्वजन्मीचे आहे, हे सांगितले. नुकतीच बायको गेलेला मुलगा, आणि जायला निघालेली आई. अशा वेळी आपण घरदार, शेतीवाडी, कोणाचे किती देणे हे सांगतो. बाईंनी अभंग सांगितले. मुलगा ओला होता. ठसा उमटायची हीच वेळ, हे त्या आईला दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. कोल्हापुरात तिने ते स्वतः भोगले होते. शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे इसवी सन १७०० मध्ये, त्यांनी शिऊरला देह ठेवला.

आता त्या कडक साधकाच्या आक्षेपाकडे येऊ. आपले दुःख अभंगाला जोडावे की जोडू नये? बहिणाबाईंच्या चरित्रावरून असे दिसते, की जोडू नये म्हटले तरी ते जोडले जाणारच. प्रश्न पुढचा आहे. जोडल्यावर आपण तेथेच बसून राहतो, की निघतो? वासरू आठवून बहिणाबाई कोल्हापुरातच रडत बसल्या असत्या, तर तो अभंग म्हणजे एक दुखणे झाले असते. पण त्या अभंगाचा धागा धरून त्या देहूपर्यंत चालत गेल्या. तेथे गेल्यावर त्यांचे दुःख नाहीसे झाले नाही. त्यांनी ते कधी नाकारलेही नाही. मात्र ते एकट्याचे राहिले नाही. आधी तुकोबांच्या दुःखात मिसळले, मग त्यांच्या स्वतःच्या अभंगात आले, आणि आज आपल्या टाळावर आहे. संसार भजनात आला एवढ्याने भजन बाटत नाही. संसार घेऊन आलेले भजन वाटेतच थांबले तर मात्र बाटते.

म्हणून मंडळी, एक विनंती. घरात जे कोणी वडीलधारे माणूस असेल, आजी असो, चुलते असोत, त्यांच्याजवळ एखाद्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर बसा. तुम्हाला कोणता अभंग आवडतो, एवढेच विचारून उठू नका. तो पहिल्यांदा कोठे ऐकला, कोण म्हणत होते, घरात त्या वेळी काय चालले होते, तेही विचारा. किल्लारीकडचे कोणी असेल तर जपून विचारा. त्यांनी नाही सांगितले तर आग्रह करू नका, नुसते शेजारी बसा. पण सांगितले, तर वहीत लिहून ठेवा. गाथा छापलेली आहे, ती कोठे जात नाही. पण तुमच्या आजीने तो अभंग कोणत्या दिवशी उराशी धरला, हे कोणत्याच गाथ्यात नाही. ती गेली की तेही गेले.

आणि पुढच्या वेळी दिंडीत शेजारच्या टाळकऱ्याचा टाळ एकाएकी थांबला, तर त्याच्याकडे वळून पाहू नका. तुम्ही चाल धरून ठेवा. तो येईल मागून.